नर्सिंगचं शिक्षण कर्जावर: प्रवेशापासून ‘नो ड्यूज’पर्यंत

मी बी.एस्सी. नर्सिंग केलं ते चार लाखांच्या शैक्षणिक कर्जावर. वडील हिंगोली जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतात, सोयाबीन आणि तूर. २०१८ मध्ये कोर्स संपला. त्यानंतर वर्षभरानं हप्ता ठरवायला बँकेत गेले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी पैसे भरायची एक स्लिप उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं आकडा लिहिला: ५,४०,०००. मी म्हटलं, “साहेब, कर्ज चार लाखांचं होतं.” ते म्हणाले, “ताई, उचललेत चारच. वरचं व्याज आहे.”

ती स्लिप मी अजून जपून ठेवली आहे. चार वर्षं घरात, कॉलेजात, होस्टेलच्या खोलीत एकच वाक्य ऐकलं होतं: आत्ता अभ्यास करा, कर्जाचं नोकरी लागल्यावर बघू. ते वाक्य मला एक लाख चाळीस हजारांना पडलं. तुम्हाला ते तेवढ्याला पडू नये म्हणून हे लिहिते आहे. यंदा नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनी वाचावं आणि आईवडिलांनाही वाचून दाखवावं, कारण कर्जावर त्यांचीही सही असते.

कर्ज मागण्याआधी फी खाली आणा

सगळ्यात स्वस्त कर्ज म्हणजे जे घ्यावंच लागलं नाही ते. त्यामुळे बँकेत जाण्याआधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, बसा. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास अशा प्रवर्गांसाठी शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या योजना तिथेच आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. अट अशी, की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही.

म्हणजे कॅपच्या फेरीत थोडं दूरचं कॉलेज मिळत असेल आणि घराजवळच्या कॉलेजात मॅनेजमेंटची जागा सहज मिळत असेल, तर दोन्ही बाजूंचा चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडूनच ठरवा. “जवळ आहे, मुलगी डोळ्यासमोर राहील” हे कारण मला समजतं, माझी आईही तेच म्हणत होती. पण त्या जवळपणाची किंमत लाखांत जाऊ शकते.

खासगी कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसतं. कॉलेजनं हातात दिलेला कागद त्याच्याशी ताडून बघा. होस्टेल आणि मेस फीमाफीत येत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना अशा वेगळ्या वाटा आहेत.

शिष्यवृत्तीचे पैसे मात्र उशिरा येतात, आणि तोवर कॉलेज फीसाठी मागे लागतं. आमच्या वर्गातल्या दोघींना याच काळात ॲपवरून झटपट कर्ज घ्यावं लागलं. ते अजिबात करू नका. महाडीबीटीवरच्या अर्जाची पावती घेऊन प्राचार्यांकडे लेखी मुदत मागा, आणि अर्जाची एक प्रत तारखेच्या शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.

कॉलेज तपासा, मग बँक

बँक पहिल्यांदा मान्यता बघते. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता, शिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल. परराज्यात एजंटमार्फत जाणार असाल तर हे दुप्पट काळजीनं तपासा. मान्यता लटकली तर पुढे नोंदणी अडते, नोंदणी अडली तर नोकरी अडते, आणि कर्जाचा हप्ता मात्र कशासाठी थांबत नाही.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत नर्सिंगची पदवी आणि पदविका दोन्ही बसतात, त्यामुळे जीएनएमवाल्यांनीही (म्हणजे पदविकावाल्यांनी) निर्धास्त अर्ज करावा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून पुरतात. एखाद्या शाखेत “जमीन गहाण ठेवा” म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या पतहमी निधीचं (कर्ज थकलं तर बँकेला हमी देणाऱ्या निधीचं) संरक्षण मिळू शकतं, तेही विचारा.

अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे अर्ज कुठे अडला ते दिसतं. सोबत बारावीची गुणपत्रिका, प्रवेशपत्र, बोनाफाईड, सगळ्या वर्षांचं फी स्ट्रक्चर, आधार, पॅन आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. या शेवटच्या कागदाबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण माझं नुकसान त्याच्यावरूनच झालं.

आणि कर्ज शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेकडूनच घ्या. गावच्या पतसंस्थेत ओळखीनं दोन दिवसांत काम होतं, पण व्याजावरच्या सरकारी अनुदानाचा रस्ता तिथे बंद होतो.

किती घ्यायचं

मंजुरी पाच लाखांची मिळाली म्हणून पाच लाख उचलायचे नसतात. मंजुरी ही वरची मर्यादा. दर वर्षी लागेल तेवढंच उचला. होस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म, परीक्षा फी हे सगळं कर्जात बसतं. पण युनिफॉर्म, शूज, केसबुकं, कम्युनिटी पोस्टिंगचा प्रवास असे खर्च घरून भागत असतील तर ते कर्जात घालू नका. कर्जासोबत विम्याचा एकरकमी प्रीमियम जोडलेला असतो कधीकधी. तो किती आहे आणि कर्जातच मिळवला आहे का, हे सहीच्या आधी विचारा.

व्याज कसं चढतं

आता त्या स्लिपवरचा हिशेब. माझं कर्ज दर वर्षी एक लाख असं चार वर्षांत वाटप झालं. सोपं जावं म्हणून दर १० टक्के धरते. कोर्सची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. यालाच बँकेत मोरेटोरियम म्हणतात. हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या वाटपाच्या दिवसापासून लागतं. या काळात ते सरळव्याज असतं.

पहिल्या वर्षीचा एक लाख पाच वर्षं व्याज खातो: ५०,०००. दुसऱ्या वर्षीचा चार वर्षं: ४०,०००. तिसऱ्याचे ३०,०००, चौथ्याचे २०,०००. झाले १,४०,०००. मोरेटोरियम संपताना ही रक्कम मुद्दलात मिसळते आणि मग ५,४०,००० वर चक्रवाढीनं हप्ता बसतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ७,१३६ रुपये. माझा पहिला पगार १६,००० होता. खोलीचं भाडं आणि मेस मिळून साडेसहा हजार. उरलेल्या तेवीसशे-चोवीसशेत महिना काढायचा, घरी पाठवायचं तर नावच नको.

माझ्याच बॅचच्या एका मैत्रिणीचं कर्जही तेवढंच. पण तिचा भाऊ पहिल्या वर्षापासून दर महिन्याला व्याज भरत होता. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढे ३,३३३. तिचं मुद्दल चार लाखांवरच राहिलं आणि त्याच दरानं हप्ता बसला ५,२८६ चा. शिवाय शिकत असताना नियमित व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात, ती तिला मिळाली. मुलींना बऱ्याच सरकारी बँकांत अर्धा टक्का वेगळा कमी लागतो. हे आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

सगळ्यांना महिन्याला दोन-तीन हजार जमणार नाहीत. आम्हाला जमले नसते. पण पहिल्या वर्षाचे आठशे तेहेतीस कदाचित जमले असते. तेवढेच पाच वर्षं भरले असते तरी पन्नास हजार वाचले असते. जे जमेल ते भरा, अर्धवट भरलं तरी चालतं. फक्त पावतीवर ‘व्याज’ असं लिहा आणि दर सहा महिन्यांनी खात्याचा उतारा घ्या.

उत्पन्नाचा दाखला आणि व्याज अनुदान

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर हा भाग दोनदा वाचा.

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. आदर्श योजनेखाली विनातारण, विनाजामीन कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याचं कोर्सच्या काळातलं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. म्हणजे माझे जे एक लाख चाळीस हजार चढले, ते सरकारनं भरायचे होते. नर्सिंगसाठी नॅकऐवजी (नॅक म्हणजे कॉलेजांच्या दर्जाचं मूल्यांकन) नर्सिंग कौन्सिलची मान्यता धरली जाते. त्यामुळे “तुमच्या कॉलेजला नॅक नाही, तुम्हाला मिळणार नाही” असं कोणी म्हटलं तर तिथे थांबू नका, नियम दाखवायला सांगा.

माझं काय झालं? उत्पन्नाचा दाखला काढलेला होता. तो कॉलेजच्या फाइलमध्ये, शिष्यवृत्तीच्या कागदांत अडकून पडला. बँकेनं मागितला नाही, आम्हाला द्यायचा असतो हे माहीत नव्हतं. कळलं तेव्हा दाव्याची मुदत उलटून गेली होती. वडील तीनदा एसटीनं शाखेत गेले. प्रत्येक वेळी वेगळे साहेब, आणि उत्तर तेच. तिसऱ्यांदा परतताना ते फोनवर एवढंच म्हणाले, “जाऊ दे, तू अभ्यास कर.”

म्हणून तुम्ही असं करा. सेतू केंद्रातून तहसीलदारांचा दाखला काढताना दोन मूळ प्रती मिळतात का विचारा, निदान साक्षांकित प्रती करून घ्या. कर्जाच्या अर्जासोबत दाखला द्या आणि पोच घ्या. मंजुरीपत्रात तुमचं खातं अनुदानास पात्र म्हणून नोंदलं आहे का, ते विचारा. दर वर्षी वाटपाच्या वेळी पुन्हा विचारा: “दावा पाठवला का?” कंटाळतील तुम्हाला, कंटाळू द्या. कोर्स मध्येच सोडला तर हे अनुदान जातं (आजारपणाचं कारण वेगळं), हेही माहीत असू द्या.

पीएम-विद्यालक्ष्मी नावाची नवी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती. तुमची संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले महामंडळ, अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ. जिल्हा कार्यालयात एक चक्कर मारा, त्यात अर्धा दिवस जातो एवढंच.

शिकत असताना

नर्सिंगच्या मुलांना बाहेर अर्धवेळ नोकरी करायला वेळच नसतो. सकाळी क्लिनिकल, दुपारी लेक्चर, रात्री प्रॅक्टिकल फाइल. “कमवा आणि शिका” असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा आमचं टाइमटेबल बघावं. म्हणून या चार वर्षांत कर्जासाठी सगळ्यात मोठं काम म्हणजे वेळेत पास होणं. एक वर्ष मागे राहिलात तर फी, होस्टेल आणि व्याज तिन्ही वाढतं. कोर्स लांबला तर बँक दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्यासाठी अर्ज द्यावा लागतो.

एक साधी वही करा. पहिल्या पानावर खाते क्रमांक, शाखा, व्याजदर. मग प्रत्येक वाटपाची तारीख आणि रक्कम, आणि दर जून-डिसेंबरला उताऱ्यावरचं चढलेलं व्याज. माझ्या वहीत हे नव्हतं. ड्युटीत पेशंटचा इनटेक-आउटपुट आपण मिलीलीटरमध्ये लिहितो आणि स्वतःचा लाखांचा हिशेब तोंडी ठेवतो.

शेवटचं वर्ष आणि मधलं वर्ष

कोर्स संपल्यावरचं एक वर्ष कॅलेंडरवर मोजलं जातं. नोकरी लागो न लागो, तारीख आली की हप्ता सुरू. त्यामुळे निकाल लागताच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा अर्ज करा. नोंदणी नसेल तर चांगली रुग्णालयं घेत नाहीत, सरकारी परीक्षांना तर बसताच येत नाही.

पगाराचा अंदाज आधीच बांधा. एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालात तर मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. राज्यात अधिपरिचारिकेचं ३५,४०० पासून. खासगीत चित्र फार वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातसुद्धा किमान २०,००० पगार द्यावा अशी शिफारस केली होती. मला त्यानंतर दोन वर्षांनी १६,००० मिळाले. याचा राग मला अजून येतो. पण हिशेब करताना हाती खरोखर येणारा पगारच धरावा लागतो.

नोकरी घेताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा: मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवू नका. माझ्या पहिल्या रुग्णालयानं ‘फाइलला लागतात’ म्हणून मूळ कागद ठेवून घेतले. पुढे सरकारी मुलाखतीसाठी मागितले तर तीन आठवडे फिरवलं, आणि मुलाखत हुकली. मूळ दाखवा, झेरॉक्स द्या. बाँड असेल तर महिने किती आणि सोडल्यास रक्कम किती हे वाचूनच सही करा.

कर्ज फेडायला परदेशी जायचा विचार अनेकींच्या मनात असतो आणि त्यात चूक काही नाही. फक्त एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का बघा. नियमानं त्याला सेवाशुल्क ३०,००० आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन-तीन लाख मागत असेल तर उठून या. एका कर्जावर दुसरं कर्ज चढवू नका.

हप्ता सुरू झाल्यावर

परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळते. ५,४०,००० साठी पंधरा वर्षांचा हप्ता साधारण ५,८०३ येतो आणि एकूण भरणा १०.४४ लाखांच्या घरात जातो. दहा वर्षांना ७,१३६, एकूण ८.५६ लाख. पगार कमी असेल तर लांब मुदत घ्यायला लाजू नका, हप्ता चुकण्यापेक्षा ते बरं. पण पगार वाढला की जास्तीचे पैसे भरा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. दहा वर्षांच्या हप्त्यावर महिन्याला फक्त एक हजार जास्त भरले तर कर्ज १२० ऐवजी साधारण ९७ महिन्यांत संपतं आणि साधारण सहासष्ट-सदुसष्ट हजार वाचतात. भरताना “हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा” असं लेखी सांगा.

सुरुवातीला कमी आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही मागता येतो. नर्सच्या पगाराला तो जास्त जुळतो असं माझं मत आहे. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आहे, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

हप्ता जमत नसेल तर

तारीख चुकण्याआधी शाखेत जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि तुमच्याबरोबर वडिलांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा पत-गुणांक, बिघडतो. मग त्यांचं पीककर्ज अडतं, हे आमच्या गावात घडलेलं आहे. बेरोजगारीच्या काळात हप्ता काही महिने पुढे ढकलण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. नोकरी गेल्याचा कागद जोडून अर्ज द्या. शाखेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाईकांना, मैत्रिणींना फोन करून अपमान करणं हेही नियमाबाहेरचं. रेकॉर्ड ठेवा, तक्रार करा. आणि या फोनांमुळे झोप उडाली असेल, नाइट ड्युटीवर हात थरथरत असतील, तर १४४१६ या टेलीमानस (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आपण दुसऱ्यांची नाडी बघतो म्हणून आपली बघायची नाही असं नसतं.

शेवटचा हप्ता

पैसे संपले म्हणजे कर्ज संपलं असं नाही. शाखेतून ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र शिक्क्यासह घ्या, तारण दिलं असेल तर कागद परत घ्या. महिना-दीड महिन्यानं सिबिलवर खातं ‘बंद’ दिसतं का ते बघा, तुमच्या नावावर आणि सहकर्जदाराच्या नावावरही. माझं कर्ज सरकारी नोकरी लागल्यावर जास्तीचे हप्ते भरत २०२५ मध्ये संपलं. प्रमाणपत्रावर आधी फक्त माझंच नाव छापून आलं होतं. मी ते परत दिलं आणि वडिलांचं नाव घालून नवीन मागितलं. त्याला चार दिवस लागले.